काचेला चिकटलेली महामाया

मुखेडच्या त्या वस्तीत घरांना रंग लागतो तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. भीमजयंती तोंडावर आली की भांडीकुंडी, गाद्या, तसबिरी सगळं अंगणात येतं आणि रंगाऱ्याच्या नावानं खडे फोडणं सुरू होतं. एसटी डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिकी करून निवृत्त झालेल्या रामकिशनच्या घरीही तेच चाललं होतं. बुद्धांची तसबीर उतरली, बाबासाहेबांची उतरली, आणि तिसरी उतरली तेव्हा त्याची बायको धुरपताबाई अशी ओरडली की शेजारपाजारचे धावत आले.

तिसरी तसबीर महामायाची होती. थोरली लेक. आठव्या वर्षी काविळीनं गेली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिचा हा एवढा एकच फोटो होता, काळा-पांढरा, स्टुडिओतला. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फोटो आतून काचेला चिकटला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. रोज वाहिलेल्या फुलांआड कडेनं बुरशी चढत होती. गालाला लागायला बोटभर अंतर राहिलं होतं.

"विशाला बोलवा," धुरपताबाई म्हणाली. "ती केमिस्ट्रीची मॅडम हाय. तिला जमंल."

विशाखा ही धाकटी. लातूरला डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींच्या क्लासमध्ये ती रसायनशास्त्र शिकवायची. बहीण गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिच्या लेखी बहीण म्हणजे भिंतीवरची ही तसबीर. पण मायचा आवाज फोनवर ऐकला आणि तिनं एक दिवसाची रजा टाकून जळकोटमार्गे जाणारी एसटी पकडली. पिशवीत क्लासमधून घेतलेली शुद्ध पाण्याची बाटली होती.

रेणूंमधलं आकर्षण हा तिचा हातखंडा धडा. एक रेणू दुसऱ्याला ओढतो म्हणून पाण्याचा थेंब गोल राहतो, म्हणून दोन ओल्या काचा एकमेकींना सोडत नाहीत, हे ती असं रंगवून सांगायची की मागच्या बाकावरचीही वही उघडायची. "ओढाताण करायची नाही," ती म्हणायची. "चिकटलेल्याला दुसरा जोडीदार दाखवायचा, तो आपण होऊन सुटतो." पोरं हसायची आणि परीक्षेत बरोबर लिहायची.

जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, काचेला चिकटतो तो तोच. त्याला पाणी दाखवलं की थर फुगतो, पाणी मध्ये शिरतं आणि काच सुटते. चित्र जात नाही, कारण ते चांदीच्या बारीक कणांचं असतं आणि चांदी पाण्यात विरघळत नाही. विशाखाला हे सगळं तोंडपाठ होतं. नडलं ते हेच.

अंगणात लिंबाखाली तिनं स्टीलची परात मांडली. काचेसकट फोटो आत ठेवला, चेहरा खाली. धुरपताबाई आत चहा टाकायला गेली. तिला बघवत नव्हतं. रामकिशन मात्र खांद्यावरचा टॉवेल चाचपत जवळच घुटमळत होता.

"विशा," तो हळूच म्हणाला, "पाण्यात घालावंच लागतंय का?"

"बाबा, मी रोज हेच शिकवते."

"हाव, ते बी खरंच हाय." त्यानं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि परातीपासून एक पाऊल मागं सरला.

क्लासमध्ये ती पोरांना बजावायची, आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. त्या दिवशी तिनं टाकला नाही. बाटली उपडी केली आणि वाट बघत बसली.

पाच मिनिटांनी काच सुटली. इतकी अलगद सुटली की विशाखाला हसू आलं. मग परातीतल्या पाण्याकडं लक्ष गेलं. पाणी गुलाबी झालं होतं.

काळ्या-पांढऱ्या फोटोतून गुलाबी रंग येत नाही. मागोमाग निळा आला, मग पिवळट. तिनं कागद झडप घालून उचलला, तर चेहरा कागदावरून ओघळून मनगटावर आला. काही क्षण डोळे होते, मग तेही पसरले. हा स्टुडिओतला फोटो नव्हताच. कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर रंगीत शाया मिसळून छापलेली ती नक्कल होती. शाईला पाण्याची ओढ कागदापेक्षा जास्त. चिकटलेल्याला जोडीदार दाखवला होता, आणि तो सुटला होता.

"बाबा, हा जुना फोटो नाही?"

रामकिशन खाली बसला. "जुन्याला वाळवी लागली हुती. बारा-तेरा वर्सं झाली. तुजी माय तवा मुरुडला भावाकडं गेल्ती. म्या नांदेडला नेऊन दुसरा काढून घेतला, त्याच फरेमीत बसवला. जुन्याचा मग भुगाच झाला. तिला न्हाई सांगितलं. वाळवीनं खाल्ली म्हणून कसं सांगू तिला?"

"मग आत्ता का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुला दिसलं आसंल. तू शिकलेली."

विशाखाला बापाचा राग आला नाही. आपलाच आला, इतका की ती परात लाथाडावीशी वाटली. नक्कल काढून देणारं ते नांदेडचं दुकान कधीच उठलं होतं, असं रामकिशन म्हणाला. तिनं ओल्या हातानं मोबाइल काढून घरचे जुने फोटो चाळले. दोन फोटोंत मागं ही भिंत होती, तसबीर होती, आणि दोन्हींत काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा होता, नेमका चेहऱ्यावर.

धुरपताबाई चहा घेऊन बाहेर आली. परात पाहिली, नवऱ्याची खाली गेलेली मान पाहिली. कप खाली ठेवून तिनं तो कागद मागून घेतला, दोन्ही तळहातांवर धरला. ती रडेल, बोल लावेल म्हणून दोघं अंग चोरून बसले. तिनं कागद लेकीपुढं धरला.

"विशा, तुला ती आठवती का?"

"न्हाई माय. हाच फोटो आठवतो."

"मला बी," धुरपताबाई म्हणाली. "खरी कवाच पुसली गेली. डोळे मिटले की ही फरेमीतलीच दिसायची." मग एकदम घाबरल्यासारखी म्हणाली, "भांग कुठून पाडायची गं ती? म्याच पाडत हुते. डावीकडून का उजवीकडून?"

रामकिशननं नकारार्थी मान हलवली. मग दोघांनी विशाखाकडं पाहिलं, घरात जास्त शिकलेल्या माणसाकडं बघतात तसं.

विशाखानं डोळे मिटले. एकोणतीस वर्षांची होईपर्यंत तिनं ती तसबीर हजारदा पाहिली होती. चौकट दिसली, खिळा दिसला, मायनं रोज वाहिलेली फुलं दिसली. केस दिसेनात.

"डावीकडून, माय," ती ठाम आवाजात म्हणाली.

"हाव," धुरपताबाईनं सुस्कारा सोडला, "डावीकडूनच." आणि कोऱ्या कागदावरून तिनं डाव्या बाजूला बोट फिरवलं.