सगळ्यांना एकच खळ

“खळ ढवळताना तोंड मिटून ठेवायचं. बोललीस की हात थांबतो, आणि हात थांबला की गाठ होते.”

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला आमच्या लॉन्ड्रीत, कपडे ताठ करणारी पिठाची खळ शिजवायला असं शिकवलं. त्या गेल्या, पण मी ते सोडलं नाही. रोज पहाटे आंघोळ, प्रार्थना, आणि मग खळ गाळून होईपर्यंत मौन. एकोणीस वर्षांत हा नेम मोडलेला नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, या बाईचा कशावर विश्वासच नसेल. आहे. पुष्कळ आहे.

त्या रविवारी दुपारी मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत झाकणाचा डबा.

समोर दीडशे माणसं मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून बसली होती. प्रत्येकाच्या गळ्याभोवती पांढऱ्या कापडाची पट्टी. मग सगळ्यांनी एकदम मान वर केली आणि ओठ मिटून गुंजारव सुरू केला. फरशी थरथरल्यासारखी वाटत होती. व्यासपीठावरून, साधनेनं गळ्याचे आजार बरे करतात अशी ख्याती असलेल्या कंठगुरूंचा मधाळ आवाज आला.

“कंठचक्र म्हणजे देहाचा दरवाजा. तुम्ही आयुष्यभर शब्द गिळलेत. सासूपुढे गिळलेत, साहेबापुढे गिळलेत. त्या शब्दांचं विष झालंय! आज ते कंपनानं ऊर्ध्वगामी होईल, कापडात उतरेल!”

दर रविवारी ते हातातल्या फवाऱ्यातून ‘तेजोजल’ उडवत रांगांतून फिरायचे. फिकट पिवळं, अत्तराचा घमघमाट सुटलेलं पाणी. नव्या माणसाच्या गळ्यावरचं कापड बघता बघता गडद निळं व्हायचं. बायका तोंडाला पदर लावायच्या. पाचव्या आठवड्याला निळा रंग फिका पडायचा. नवव्या आठवड्याला कापड नुसतं सोनेरी व्हायचं, म्हणजे चक्र शुद्ध. गुरूंच्या स्वतःच्या गळ्यातलं तर नेहमीच सोनेरी.

तिसऱ्या रांगेत माझी नणंद बसली होती. त्यांचा हा नववा रविवार.

वन्सं आमच्याच घरी राहायच्या आणि बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायच्या. ‘फलाट क्रमांक चार’ एवढं म्हटलं तरी अर्धं गाव घड्याळ लावायचं. त्यांचे दादा, म्हणजे आमचे हे, त्यांना लाडानं ‘भोंगा’ म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी तो भोंगा बसला. सर्दी असेल, बोलून बोलून झालं असेल, असं म्हणत दिवस गेले. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ.

“लहान आहे,” त्या म्हणाल्या. “काढून तपासायला पाठवू. कसली आहे ते कळायलाच हवं. पण थांबू नका.”

वन्सं थांबल्या. चाकू लागला तर आवाज जाईल, या भीतीनं दोनदा तारीख चुकवली आणि कंठगुरूंकडे जाऊ लागल्या. तिसरी तारीख होती सोमवारची, सकाळी नऊची. शनिवारी मी पुन्हा विषय काढला, तेव्हा घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, “वहिनी, उद्या कापड सोनेरी झालं, तर मी चाकूखाली जाणार नाही. निळं झालं, तर मुकाट्यानं जाईन. शब्द देते.”

मी मान डोलावली. मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही, कारण त्या कापडांवर माझाही विश्वास होता; ती धुऊन देण्याची सेवा माझ्याकडेच होती. मी भक्तिभावानं ती करत होते. गुरूंची सूचना स्पष्ट होती: लाल दोऱ्याच्या गठ्ठ्याला कडक खळ, हिरव्याला पातळ, पांढऱ्याला अजिबात नको. “नव्या साधकाची मान ताठ राहायला हवी, ताई. जसजशी साधना मुरते, तसतसा आधार कमी.” मला पटलं होतं. वापरलेली कापडं यायची ती सोड्याच्या पाण्यात भिजवूनच, त्यामुळे निळा डाग मी घरी कधी पाहिलाच नव्हता.

रविवारी पहाटे खळ कोमट होत आली होती. एका पट्टीत राहिलेली टाचणी माझ्या बोटात घुसली. फळीवरच्या बाटलीतलं आयोडिन लावलं आणि सवयीनं हात परत पातेल्यात गेला.

पांढऱ्याशुभ्र खळीत निळी रेघ उमटली.

तोंड मिटलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर ओरडलेच असते. मी चमचाभर आयोडिन पाण्यात घातलं. पाणी फिकट पिवळं झालं. मग तिन्ही दोऱ्यांची आधी तयार केलेली एकेक पट्टी काढून त्यावर ते शिंपडलं. लाल दोरा: गडद निळा. हिरवा: फिकट निळा. पांढरा: सोनेरी.

म्हणजे चमत्कार माझ्याच पातेल्यात शिजत होता. नऊ आठवडे.

खळ गाळून झाल्यावर मी यांना दाखवलं. यांनी तिन्ही पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या.

“अगं, मग सांग ना भोंग्याला!”

“ऐकतील? म्हणतील, वहिनी आणि दादानं मिळून नाटक रचलं.”

“मग तिच्या पट्टीला कडक खळ दे. निळं होईल, जाईल डॉक्टरकडे. काम झालं!”

तेच माझ्याही मनात आलं होतं. सोपं होतं. पण एका खळीनं त्यांना फसवलं, आता दुसऱ्या खळीनं फसवून दवाखान्यात न्यायचं? आणि उरलेल्या दीडशे गळ्यांचं काय? त्यातही कोणाची गाठ असेल.

मी सगळ्या पट्ट्यांना एकच कडक खळ दिली. लाल, हिरव्या, पांढऱ्या. गुरूंच्या जरीकाठाच्या पट्टीलाही. इस्त्री केली, कडकपणा हाताला कळू नये म्हणून पट्ट्या चोळून मऊ केल्या, गठ्ठे दोऱ्यांनी बांधले आणि उरलेली खळ डब्यात भरून घेतली.

गुंजारव थांबला. कंठगुरू फवारा घेऊन उतरले.

पहिली रांग नव्या साधकांची, ती निळी झाली. नेहमीसारखंच कौतुक झालं. दुसरी रांग जुन्या साधकांची. तीही गडद निळी. कुजबुज सुरू झाली. गुरूंचा हात जरासा अडखळला. तिसऱ्या रांगेत ते वन्संपुढे आले. वन्संचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. फुस्स. शाई सांडावी तसं कापड काळंनिळं झालं. वन्संनी डोळे उघडले, पट्टीचं टोक उचलून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. 

“गुरुजी,” दुसऱ्या रांगेतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “माझं तर गेल्या रविवारीच सोनेरी झालं होतं. आज निळं कसं?”

गुरूंनी फवारा स्वतःच्या गळ्यावर धरला. तेच त्यांचं हुकमी पान होतं.

त्यांचंही कापड निळं झालं.

मागच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. मला वाटलं, संपलं. पण माणूस पक्का मुरलेला! त्यांनी फवारा छातीशी धरला, डोळे वर केले आणि गदगदून म्हणाले, “आज... आज तुमचं सगळ्यांचं विष मी माझ्या कंठात घेतलं!”

एक बाई हुंदका देऊन उठली. दुसरी पाया पडायला धावली. वन्संही उठू लागल्या.

मी आयुष्यात चार माणसांपुढे बोललेले नव्हते. तरी उभी राहिले.

“गुरुजी, जरा थांबा. या पट्ट्या मी धुते.”

“ताई, नंतर.”

“नंतर नाही. आज मी सगळ्यांना कडक खळ दिलीय. तुमच्याही पट्टीला. गिऱ्हाइकाच्या कामात बदल केला तर त्याला सांगायचं असतं, म्हणून सांगतेय.”

मी पुढे गेले, डबा उघडला आणि हेडमास्तरांच्या हातात दिला. “सर, यात नुसती खळ आहे. यावर ते पाणी मारा.”

“फवाऱ्याला हात लावू नका! अभिमंत्रित आहे!”

“अहो, मग डब्याचंही कल्याण होऊ द्या की,” असं म्हणत हेडमास्तरांनी फवारा काढूनच घेतला.

फुस्स. डबा निळा झाला.

“आता सांगा गुरुजी,” मी विचारलं, “या डब्यानं कोणापुढे शब्द गिळले?”

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग हेडमास्तरांनी फवाऱ्याचं झाकण काढून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. “आयोडिन! चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की आयोडिननं पिष्टमय पदार्थ निळा होतो. आणि दोन महिने इथे मान हलवत बसलो!”

गुरू मागच्या दारानं कधी निसटले, ते कोणी पाहिलं नाही.

लोक माझ्याभोवती जमले. मी एवढंच सांगितलं, “मान वळवा, श्वास घ्या, गुणगुणा. मन शांत होतं, मीही करते. पण गाठ आहे की नाही, हे कापड सांगत नाही. ते डॉक्टरांनाच पाहू द्या. आणि चमत्कार दिसला, तर नमस्कार करायच्या आधी विचारा, हे कापड कोणी धुतलं?”

वन्सं गर्दीत नव्हत्या. त्या घरी माझ्याआधी पोचल्या होत्या. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

“नऊ आठवडे तूच खळ घातलीस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आजचं निळंही तूच केलंस.”

“हो. म्हणून तुमचा शब्द आता तुम्हाला बांधत नाही, वन्सं. मी तुम्हाला बळंच नेणार नाही.”

त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. रात्री जेवल्याही नाहीत.

सोमवारी पहाटे मी उठले. आंघोळ, प्रार्थना. पातेलं चुलीवर ठेवलं आणि ढवळू लागले.  खळ तयार होते न होते तोच मागे चपलांचा आवाज आला. वन्सं दारात उभ्या होत्या. अंगावर स्टँडवर जाताना घालायचा निळ्या काठाचा गणवेश, हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, डोळे सुजलेले.

मी बोलू शकत नव्हते, खळ अजून गाळायची होती. भुवया उंचावूनच विचारलं.

“शब्द दिला होता,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “निळं कोणी का केलेलं असेना.” मग किंचित हसल्या. “तुझं मौन आणि माझा बसलेला घसा. डॉक्टरीणबाई बोलणार कोणाशी?”

त्यांनी चिठ्ठी कमरेला खोचली, फडक्याचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून खळ गाळली. फडक्यावर एकही गाठ उरली नव्हती. मी हात पुसले, यांना दुकान सांभाळायला सांगितलं आणि वन्संच्या मागोमाग पायऱ्या उतरले.