होकार देणारी गाडी

"सरली! सरली हो!"

सलूनवाल्याने गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकली आणि वस्तरा तसाच हातात घेऊन तो दाराबाहेर धावला. मागोमाग गिऱ्हाईक, एका गालाला फेस फासलेलं. दूधवाली, गवंडी, शाळेतून परतणाऱ्या शिक्षिका, सगळे गल्लीच्या कडेला हात जोडून उभे होते. आणि मधोमध एक जुनी, फिकट निळी मोटार, इंजिन बंद, चालकाची जागा रिकामी, कोणी न ढकलता पुढे सरकत होती. घाई नाही, धडपड नाही. जेवण झाल्यावर माणूस शतपावलीला निघावा तशी.

मागच्या बाकावर आई, आत्या आणि मामी दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे, रिकाम्या जागेशेजारी, निरोपे महाराज. हे त्यांचं आडनाव नव्हे. गेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवणं हा त्यांचा उद्योग, म्हणून लोक त्यांना तसं म्हणत. उद्योग बिनधोक होता. निरोप चुकला म्हणून तक्रार करायला कोणी परत येत नसे.

गाडी सलूनच्या दारात येऊन थांबली. महाराजांनी डोळे उघडले.

"आत्मा म्हणजे ऊर्जा. ऊर्जा म्हणजे कंपन. कंपन म्हणजे गती. आणि गती म्हणजे?"

"गाडी!" लोक एका सुरात ओरडले.

"होकार आला आहे, बाईसाहेब. ते म्हणतात, तुमची काळजी आता मी वाहतो. साखरेच्या गोळ्या बंद करा."

आईने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसू दिसत होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या लेकीने ते पाहिलं आणि तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडवेना.

लेक ग्रंथालयात काम करत असे. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारायची खोड, म्हणून मामाने तिचं नावच 'कशावरून' ठेवलं होतं. आता या नावाची चेष्टा गल्लीभर झाली होती.

प्रकार सुरू झाला तो मामामुळे. बाबांचे दिवस झाले आणि आत्या गावी परत निघाली. तिला स्टेशनवर सोडायला मामाने बाबांची गाडी काढली, बायका आत बसल्या, आत्याची ट्रंक मागे चढली, आणि मामा "चष्मा राहिला" म्हणत पुन्हा घरात गेला. तेवढ्यात गाडी आपसूक निघाली आणि सलूनसमोर जाऊन उभी राहिली. बाबा रोज सकाळी याच सलूनच्या बाकावर बसून फुकटचं वर्तमानपत्र वाचत आणि सलूनवाल्याशी वाद घालत.

"दादाच तो!" आत्याने गाडीतच हंबरडा फोडला. "दुसरं कोण जाणार सलूनला?"

आत्याचं परतणं रहित झालं. बातमी फुटली. बातमीच्या वासावर निरोपे महाराज आले.

गोळ्या बंद करण्याचा निरोप आला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात लेकीने आईपुढे मधुमेहाची गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला.

"आई, एवढी घे."

"ह्यांनी नको म्हटलंय."

"बाबांनी? बाबा रोज सकाळी तुझ्यामागे गोळी घेऊन फिरायचे. 'आधी औषध, मग भांडण' म्हणायचे."

"तेव्हा ते इथे होते."

"आणि आता?"

"आता तिथून बघतात." आईने पेला हलकेच दूर सारला. "तुला हे पटायचं नाही, माहीत आहे मला. पण गाडी सरते ना गं, तेव्हा असं वाटतं की आत्ता मागे वळून म्हणतील, दार नीट लावलंस का? एवढंच वाटतं. तेवढं तरी राहू दे मला."

लेकीने गोळी परत डबीत ठेवली. खरं तर आज गाडी हलली तेव्हा तिनेही मनातल्या मनात "बाबा?" अशी हाक मारली होती. ती गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गर्दीतून मागे सरकून, गॅरेजवाल्याच्या ओट्यावर उभी राहिली. तिथून गाडी आतपर्यंत दिसत होती. आज गल्लीकरांचे प्रश्न होते.

"घर विकावं का?" एकाने विचारलं.

"स्तब्ध!" महाराज म्हणाले. सगळे पुतळे झाले. गाडी हलली नाही. "नकार."

"दुकानाची जागा बदलावी का?"

"झुका! त्यांना नमस्कार करा!" आत्या, मामी, आई तिघी एकदम पुढे झुकल्या. गाडी सलूनपर्यंत सरकली. "होकार!"

लेक बघत राहिली. होकार हवा असला की नमस्कार आधी आणि उत्तर मागून. नकार हवा असला की नमस्कारच नाही. महाराजांचे हात तर सगळ्यांना दिसतील असे जोडलेले. हातचलाखी नव्हतीच. चलाखी तिघींच्या पाठीत होती.

"काका," तिने गॅरेजवाल्याला विचारलं, "या गाडीचा हँडब्रेक कसा आहे?"

गॅरेजवाला दचकला. "ताई, मी त्या गाडीला पाना लावणार नाही. परवा बोनेट उघडलं तर आतून उसासा आला."

"रेडिएटरचा असेल."

"उसासा तो उसासा."

दुपारी बायका आडव्या झाल्यावर ती एकटीच गाडीत जाऊन बसली. मामा गाडी घरापुढे परत आणून लावायचा ती नेहमी न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये ठेवली की चालू करताना उडी मारते, अशी त्याची तक्रार होती. तिने हँडब्रेक ओढला. कट, कट, कट, कट... दांडा वर येतच राहिला, पार तिच्या कोपराजवळ पोचला. चांगला ब्रेक दोनचार कटकटींत घट्ट होतो. हा नुसताच बडबड करत होता.

बाबांना ते ठाऊक होतं. गाडी लावली की ते गिअर टाकत, उतरून चाकापुढे वीट सरकवत आणि मगच कुलूप लावत. "हँडब्रेक म्हणजे विनंती," ते म्हणत, "गिअर म्हणजे हुकूम." घरात सगळ्यांनी हा विनोद म्हणून ऐकला होता. सूचना म्हणून कोणीच नाही.

तिने पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, बाबांच्या पेटीतला जॅक काढला आणि हँडब्रेक धरतो ती मागची चाकं एकेक करून उचलली. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना एक चाक बोटाने फिरलं, जत्रेतल्या पाळण्यासारखं. दुसरं जोर लावल्यावर कुरकुरत फिरलं. म्हणजे सगळी गाडी एका चाकाच्या अर्ध्यामुर्ध्या पकडीवर उभी होती. रिकामी असेपर्यंत पकड पुरायची. माणसं बसली की जेमतेम. आणि माणसं एकदम पुढे झुकली की गेली.

मग तिने बादलीभर पाणी गल्लीत ओतलं. डोळ्यांना सपाट दिसणारी गल्ली. पण पाणी वळवळत थेट सलूनकडे गेलं आणि त्याच्या दारात तळं करून थांबलं. उतार तिथेच संपत होता.

"माझ्या दारात काय हे?" सलूनवाला ओरडला.

"बाबा आलेत," ती म्हणाली. एवढ्यावर तिला स्वतःलाच हसू आलं.

रविवारी महाराज मोठ्या तयारीने आले. आत्म्याला आता गल्लीची धूळ सोसवत नाही, त्याने आश्रमातच राहावं, म्हणजे अर्थातच गाडीनेही, असा निरोप आला होता. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती.

"महाराज," लेक पुढे येऊन म्हणाली, "एक शंका आहे."

"कशावरून बाई आल्या!" मामा पुटपुटला.

"आत्म्याला प्रश्न कोण विचारतं, याने काही फरक पडतो का?"

"आत्म्यासमोर सगळे समान," महाराज उदारपणे म्हणाले. हे वाक्य त्यांना फार महागात पडलं.

"मग आज या चौघांचे प्रश्न." तिने गवंड्याला खूण केली. समोरच्या बांधकामावरून वाळूची पोती आली. एक पोतं मामीच्या जागी बसलं, एक आईच्या, एक महाराजांच्या. गॅरेजवाल्याला चौथं उचलायला सांगितलं तर तो मागे सरला.

"काका, वाळूला भूत धरत नाही. उचला."

सलूनसमोर तिने लाकडाचा ओंडका आडवा टाकला, वाटेतली माणसं बाजूला केली. गाडीत माणूस असा कोणीच नव्हता.

"बाबा," तिने मोठ्याने विचारलं, "या पोत्यांनी साखरेच्या गोळ्या बंद कराव्यात का?"

गॅरेजवाल्याने चौथं पोतं धप्पकन आत्याच्या जागेवर टाकलं. गाडी हलली. दार उघडंच, पोती ऐटीत बसलेली, गाडी शतपावली करत सलूनपर्यंत गेली आणि ओंडक्याला टेकून थांबली.

मग फेसवालं गिऱ्हाईक, आज दुसऱ्या गालाला फेस घेऊन, खो खो हसत सुटलं.

"होकार! पोत्यांना होकार!"

"थांबा, अजून आहे." लेकीने गाडी वर आणली, गिअर टाकला, चाकाला वीट लावली आणि माणसं आत बसवली. "आता झुका. हवं तितकं झुका."

आत्या झुकली, मामी झुकली, सलूनवालाही हौसेने आत घुसून झुकला. गाडी ढिम्म.

"आत्मा नाराज झाला," महाराज म्हणाले.

"वीट काढली, गिअर सोडला की राजी होतो, महाराज. रुसवा आत्म्याचा नाही, विटेचा आहे." मग तिने जॅक लावून चाकं सगळ्यांना दाखवली. ज्याला हवं त्याने बोटाने फिरवून पाहिलं. दूधवालीने दोनदा फिरवलं.

"म्हणजे," आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतके दिवस दादा माझ्या वजनाला होकार देत होता?" आणि ती स्वतःच सर्वांत मोठ्याने हसली.

शंकेखोरांच्या वस्तीत निरोप टिकत नाहीत असं सांगून महाराज निघाले. त्यांना निरोप द्यायला कोणी थांबलं नाही.

आई मात्र हसली नव्हती. ती गाडीच्या दाराला धरून उभी होती.

"मिळवलंस काय?" ती हळू म्हणाली. "होते तेवढेही गेले."

लेक तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "आई, बाबांनी कधी तुला उतारावर, न्यूट्रलमधल्या गाडीत असं बसवलं असतं? आठवून सांग. विटेशिवाय?"

आईने विटेकडे पाहिलं. मग तिच्या कपाळावर एक ओळखीची आठी उमटली.

"न्यूट्रलमध्ये?" ती म्हणाली. "घर डोक्यावर घेतलं असतं ह्यांनी. कोणी ठेवली न्यूट्रलमध्ये?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा चष्मा पुसू लागला.

"भाऊजींनी मला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तू हसला होतास," आई म्हणाली.

गॅरेजवाल्याने खाली वाकून मागच्या चाकांचे ब्रेक उघडून पाहिले. एका चाकाची ब्रेकची केबल गंजून आतल्या आत अडकली होती, दुसऱ्याचे लायनर, चाकाला घट्ट धरणारे ते पट्टे, पार झिजले होते. बदलायला हवं, तो म्हणाला, आणि उसाशाविषयी काही बोलला नाही.

इतक्यात गल्लीच्या टोकाकडून एक बाई धापा टाकत आली. शिवणकाम करणारी, पलीकडच्या वस्तीतली. घडलेलं तिला काही ठाऊक नव्हतं.

"गेले का हो महाराज? मला एकच विचारायचं होतं. मुलगा परगावी आहे, भांडून गेला. महिनाभर आवाज नाही. गाडीला विचारा ना, तो बरा आहे का?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाला हसावंसं वाटलं नाही. लेक काही बोलणार, तेवढ्यात आईच पुढे झाली आणि तिने त्या बाईचा हात धरला.

"या गाडीचा ब्रेक खराब आहे, बाई. तिला काही कळत नाही. माझा माणूस गेला, त्याला मी आता काही विचारू शकत नाही. तुमचा मुलगा आहे ना? त्यालाच विचारा."

"तो उचलणार नाही फोन."

"नाही उचलला तर पुन्हा करा. तेही नाही जमलं तर गाडी पकडून जा त्याच्याकडे, ज्या गाडीला ड्रायव्हर असतो तिने. पण उत्तर ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा. आमच्यासारखं रिकाम्या जागेला विचारत बसू नका."

बाईने पदराने डोळे पुसले आणि पिशवीतून फोन काढला. आईने तिला ओट्यावर बसवलं, मग लेकीकडे वळून म्हणाली, "हिला पाणी आण. आणि येताना माझी गोळी."