पल्याडची बाजरी

भागुजीनं डावा डोळा तळहातानं गच्च दाबला आणि वहीचा कागद नाकाकडं ओढत आणला. कागदावर डावीकडं फुली, उजवीकडं काळा ठिपका. नजर फुलीवरून हलवायची नाही, असं नातीनं चारदा बजावलं होतं.

"गेला!" तो एकदम ओरडला. "आयला, ठिपका गेला की!"

"मग तिथं आता काय दिसतंय, आबा?"

"काय न्हाई. कागद. रेघासुदिक सरळ चालल्यात."

कल्याणी हसली. मंचरच्या कॉलेजात ती मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती आणि शिकलेलं सगळं आधी आजोबावर करून बघायची. "डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस जिथून निघते ना, तेवढ्या जागी डोळा आंधळाच असतो. सगळ्यांचा. पण भोक दिसत नाही. मेंदू भोक ठेवतच नाही. शेजारचं उचलतो आणि तिथं भरून टाकतो."

"म्हंजी तुमच्यावानीच की," दारात मेथी निवडत बसलेली जानकाबाई नवऱ्याला म्हणाली. "ठावं नसलं तरी सांगून मोकळं."

प्रोजेक्ट वेगळाच होता. धरणाखाली गेलेल्या जुन्या गावातल्या बारा म्हाताऱ्यांनी आठवून गावाचा नकाशा काढायचा. नियम एकच : मधे कोणी काही सुचवायचं नाही. भागुजीला मात्र प्रोजेक्टपेक्षा सोमवारची काळजी होती. नव्या गावठाणातल्या सभागृहाच्या भिंतीवर जुनं गाव रंगवायला सोमवारी पेंटर येणार होता, आणि कमिटीनं ठरवून टाकलं होतं, नकाशा पेठेतल्या चांदमलशेठचा घ्यायचा. शेठला गाव तोंडपाठ. भागुजीला त्या भिंतीवर आपली वस्ती बघायची होती. ती बघितलेली माणसं आता मोजकीच उरली होती.

त्यानं पेन्सिल हातात घेतली. तीस वर्षं गावाच्या डोक्यावर पाणी उभं होतं, पण पेन्सिल कुठं अडली नाही. वस्तीची अकरा घरं. मधे लिंब. लिंबापाशी वाचनालयाची खोली, बापानं स्वतःच्या हातानं गेरू दिलेली. पावसाळ्यात आई पाटा-वरवंटा जिथं आत ओढायची ती पडवी. वस्तीच्या अंगाला ओढा, ओढ्याच्या पलीकडं पेठ, आणि पेठेच्या तोंडाशी चांदमलशेठचं दुकान. दुकानाला त्यानं सात पायऱ्या काढल्या. एकेक रेघ दाबून.

लहानपणी तिसऱ्या पायरीवर थांबायचं. वरून पुडी पडायची, खालून झेलायची. पुडीला गुळाचा आणि गोडेतेलाचा वास असायचा. त्या वासाचा खरं तर संताप यायला हवा. पण पोराच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि आता पंचाहत्तरीतही सुटलं. पुढं दिवस पालटले. भागुजी शेठच्या गादीपर्यंत जाऊन बसला, मांडीला मांडी लावून चहा प्याला. पायऱ्या मात्र पायात राहिल्या त्या राहिल्याच.

दुसऱ्या दिवशी आजोबा-नात घोडेगावला चांदमलशेठकडं गेली.

"काय भागुजी, नक्कल मारायला आलास होय?" शेठनं चष्मा पुसत विचारलं.

"तुमची नक्कल मारून नापासच व्हायचं, शेठ."

शेठ खदखदून हसला आणि कामाला लागला. चावडी काढली, देऊळ काढलं, बारव काढली. पेठेतल्या घराघरावर नाव घातलं. घोडी बांधायची कडीसुद्धा विसरला नाही. भागुजीला नवल वाटत होतं. पानाच्या गादीवरचा काताचा डाग, आठवडे बाजाराच्या दिवशी उन्हात वाळणाऱ्या मिरच्या, सगळं त्या रेघांमागून वर येत होतं. मग पेन्सिल ओढा ओलांडून वस्तीच्या अंगाला आली, आणि शेठनं बारीक बारीक उभ्या काड्या मारायला सुरुवात केली. दाट, एकीला एक लागून, पार कागदाच्या कडेपर्यंत.

भागुजी पुढं सरकला. कल्याणीनं त्याचा गुडघा दाबून धरला. तो दातावर दात ठेवून बसला.

"झालं," शेठ म्हणाला. "गाव कसं उभं राह्यलं बघ!"

"शेठ, वढ्याच्या पल्याड काय व्हतं?"

"पल्याड? बाजरी. काय कणसं यायची, राव! हातभर."

"आन आमी काय त्या बाजरीत बुजगावणी व्हतो?"

शेठनं कागदाकडं बघितलं. मग भागुजीकडं. मग पुन्हा कागदाकडं, जणू काड्या कोणी दुसऱ्यानंच मारल्या होत्या.

"अरे... तुमची घरं. ती लांब होती ना?"

"हाक मारली की ऐकू यायची, एवढी लांब. तुमीच मारायचा." भागुजीचा आवाज चढला. "दुकानाला पायऱ्या किती व्हत्या, सांगा."

शेठच्या नकाशात दुकानाला पायरीच नव्हती. "असतील चार-पाच."

"सात."

मग शेठनं पेन्सिल त्याच्याकडं सरकवली. "तूच भर. तुझ्या हातानं."

कल्याणीनं कागद उचलून घेतला. "नाही, काका. हा कागद तुमचा. जे राहिलं ते राहिलंच पाहिजे. मला तेच तर बघायचंय."

"मग भिंतीवर भागुजीचा जाऊ दे," शेठ म्हणाला. "मी सांगतो कमिटीला."

एवढ्या सरळपणे म्हणाला, की भागुजीला भांडायलाही काही उरलं नाही. तीही एक चीडच.

येताना उसाच्या ट्रॅक्टरमागं एसटी रखडली. भागुजीला त्याचं काही नव्हतं. स्वतःचा नकाशा मांडीवर पसरून तो बसला होता आणि शेजारच्या पावण्याला त्यानं तो दोनदा समजावून सांगितला.

घरी आल्यावर जानकाबाईनं पदराला हात पुसले आणि कागदावर बोट फिरवत बसली.

"लिंब बराबर हाये. माझी चूल उगवतीच्या अंगाला, ती बी बराबर." बोट वस्तीवरून खाली घसरलं, नदीकडं. "आन ह्ये काय?"

"लव्हाळा. नदीकाठचा."

"मंग साळू कुठंय?"

"कोण साळू?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच कागदावरचा हात मागं घेतला.

"साळुबाई कातकरीण. तुमचा ल्योक पायाळू आला, तवा कोणी सोडवलं मला? तिची आन तिच्या माणसांची खोपटी व्हती की तिथं. धरण आलं तवा प्लॉटबी न्हाई भेटला त्यांना. कागुद नव्हता."

"मंग गेली कुठं?"

"इचारलं व्हतं का कोणी?"

भागुजी कागदाकडं बघत राहिला. लव्हाळा त्यानं छान काढला होता. बारीक, दाट काड्या. एकीला एक लागून.

"कल्याणी, खोडरबर दे."

ती जागची हलली नाही. "आबा..."

"ठावं हाये. राहिलं ते राहिलंच पायजे." त्यानं तो कागद स्वतःच तिच्या फायलीत सरकवला. "भिंतीसाठी दुसरा दे. कोरा."

या वेळी त्यानं आधी नदी काढली. काठावर खोपटी. पाच काढली. जानकाबाई सात म्हणाली, मग सहा म्हणाली. तिथून त्यानं पाऊलवाट वर आणली, आपल्या वस्तीत, आपल्या घरापर्यंत. घर काढलं, ओटा काढला. आणि पेन्सिल थांबली.

"साळू यायची तवा बसायची कुठं गं?"

"वट्याखाली. पायरीपाशी. बाळंतपणाच्या दिशी तेवढी घरात आली. येरवी वर कोण घेत व्हतं तिला?"

त्यानं ओट्याच्या रेघेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"आपल्या वट्याला पायऱ्या किती व्हत्या?"

जानकाबाईनं मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "साळूला इचारायला पायजे."