लाल तार, काळी तार

गाण्याच्या बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. सोमवारी शाळेत जायचं आणि मुख्याध्यापिकांना सांगून मोकळं व्हायचं, "माझे कान गेले, मुलांसाठी दुसरं कुणीतरी बघा." नवऱ्याला अजून पत्ता नव्हता. त्याला सांगायला जीभच रेटत नव्हती.

झालं होतं असं, की तापातून उठल्यावर बाईंनी बाहेरच्या खोलीतल्या स्टिरिओवर आपली आवडती रेकॉर्ड लावली, तर काय? खालचे जाड सूर पार गायब! गाणारीचा आवाज एरवी कसा दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहायचा. आता तो भिंतींतून झिरपल्यासारखा येत होता.

"नीट वाजतंय ना हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"नीट? अगं, तू आजारी होतीस तेव्हा नव्या वायरी टाकल्यात मी. एक नंबर वाजतंय!"

आता ज्या माणसाला गाणं आणि मिक्सर सारखाच, त्याचं सर्टिफिकेट कुणी खरं मानतं का? पण बाईंनी मानलं. धसका घेतलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? वर्गात मुलं सुरात गात असली तरी बाईंना आपल्या कानांची शंका यायची आणि रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

रविवारी नणंद आली. तिचं तोंड म्हणजे पट्टाच.

"वहिनी, लाव ना काहीतरी. घर कसं सुतकी वाटतंय."

बाईंनी नाइलाजाने रेकॉर्ड लावली. नणंदेने कान टवकारले.

"अगं बाई, हे काय? ही डब्यात तोंड घालून गातेय का? आणि गातेय तरी कुठून?"

बाई गर्रकन तिच्याकडे वळल्या. "तुलाही तसंच ऐकू येतंय?"

"गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बहिरी नाहीये मी!"

बाई हमसून हमसून रडायलाच लागल्या. रडता रडता कान, शाळा, सोमवार, सगळं बाहेर आलं. नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने स्टिरिओ बंद केला, चष्मा लावला आणि कपाटामागे शिरला.

"अरे देवा! डावीकडे लाल तार काळ्या भोकात खोचलीय मी, आणि काळी लालमध्ये. दोन्ही स्पीकर एकमेकांच्या उलट ढकलताहेत. मग जाड आवाज आपसांतच मरणार की!"

"चष्मा न लावता केलं असशील," नणंद म्हणाली. "शाबास दादा! बायकोची नोकरी घालवली होतीस की रे."

तो तार उपसायला वाकला.

"थांबा हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी एकदा तसंच लावा."

"अगं, पण ते वाईट वाजतंय!"

"लावा तर खरं."

त्याने लावलं. तेच पोकळ, भरकटलेलं गाणं बाईंनी डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. गालांवर पाणी आणि ओठांवर हसू.

"वाईट आहे हो," त्या म्हणाल्या. "किती वाईट आहे!"