वाळुंजाच्या कोपऱ्यातलं गाळणं

रविवारी सकाळी नदीकाठावर हिरव्या बनियनींची रांग उतरली, की कस्तुरीआक्काच्या घरात सगळ्यांना कळायचं, आज आक्काचं तोंड दुपारपर्यंत मिटायचं नाही.

सांगलीहून काठसेवक मंडळाची माणसं दर पंधरवड्याला नदी वाचवायला यायची. कृष्णामाई आजवर त्यांचीच वाट बघत अडून बसली होती म्हणायची! गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्याला टोपी, आणि कामापेक्षा पोह्यांच्या पातेल्याकडे जास्त लक्ष. मागच्या साली त्यांनी अगदी पाण्यालगत तीस गुलमोहर लावले होते. ते आधी फोटोत गेले, मग पुरात गेले.

"आत्ती, जरा हळू बोला," सून स्वप्नाली म्हणायची. "ती माणसं ऐकत्यात."

"ऐकू देत की. त्यासाठीच बोलते."

आक्काचं शिक्षण दुसरीपर्यंत. सहीपुरतं नाव लिहिता येई, तेही पेन घट्ट धरून. पण नवरा धनपाल गेल्यावर आठ एकर तिनं एकटीनं सांभाळली होती आणि गावात तिला उलट उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मुलगा जिनेंद्र पंचेचाळिशीचा झाला होता, पण आईसमोर अजून चपला काढून उभा राहायचा.

सांगलीच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर तिची मळी होती. मळी म्हणजे पुराच्या गाळानं झालेली जमीन, बोट खुपसलं तर बोट उगवावं अशी. मळी आणि नदीच्या मध्ये वाळुंजाची झाडी होती, तिच्या पायाशी माणूसभर उंच लव्हाळा. आक्काच्या सासूनं, ती स्वतः या घरात सून म्हणून आली त्या वर्षी, वाळुंजाच्या ओल्या फांद्या तिथं खोचल्या होत्या. एकोणीसच्या महापुरात शेजारच्या सयाजीची अर्धा एकर जमीन दरड कोसळावी तशी नदीत गेली. त्यानं काठ चक्क मोकळा केला होता, ऊस पार पाण्यापर्यंत लावला होता. आक्काची मळी जागची हलली नाही. वाळुंजाच्या मुळ्यांनी ती धरून ठेवली होती. पाणी उतरल्यावर आक्का त्या झाडांना हळदकुंकू लावून आली होती, आणि सयाजीच्या बांधावर उभी राहून जे बोलली होती ते सयाजी अजून विसरला नव्हता.

आक्काचा दिवस पाणी गाळण्यानं सुरू व्हायचा. घरात नळ होता, पण नळाचं पाणी आपल्याच मोटरीनं नदीतून वर आलेलं. ते ती दुपदरी जाड कापडातून गाळून घ्यायची. मग ते कापड उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं अलगद धुवायची, आणि त्यात जे काही डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू अडकले असतील ते बादलीत घेऊन नदीला परत सोडून यायची. जैन घरातलं हे जिवाणी. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. जिथला जीव तिथंच परत. पाऊस असो, गुडघे धरलेले असोत, जिवाणी सोडल्याशिवाय आक्काच्या घशाखाली चहा उतरत नसे. दर चातुर्मासाला ती नवं गाळणं शिवायची, कडेला लाल दोऱ्याची टीप घालून, म्हणजे घरातल्या दुसऱ्या फडक्यांत मिसळायला नको. जुनं गाळणं पुसापुशीला जायचं.

त्या रविवारी ती जिवाणी सोडून वर चढत होती, तेवढ्यात घरघर ऐकू आली. मे महिन्याचे शेवटचे दिवस. वळणावरून जेसीबी येत होता. चालवायला गावातलाच गुंडा. पुढं चालत होता मंडळाचा पुढारी वीरधवल, चाळिशीचा, दाढी नीट कोरलेली, हातात कागद.

जेसीबी वाळुंजापाशी थांबला. आक्काही थांबली. बादली तिनं खाली ठेवली नाही.

"गुंड्या, बंद कर ते."

"आवं आक्का, मला भाड्यानं बोलावलंय."

"पुरात तुझी शेरडं कुठं बांधली हुतीस?"

गुंडा खाली बघायला लागला. "तुमच्या सोप्यात."

"आणि लेंड्या कुणी काढल्या?"

गुंडानं जेसीबी बंद केला.

वीरधवल हसत पुढे आला. शहरातली माणसं म्हाताऱ्यांशी बोलताना जसं हसतात तसं. "आजी, नमस्कार. घाबरू नका. हे सगळं आम्ही तुमच्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी? मी कवा निरोप धाडला?"

"म्हणजे गावासाठी. ही झुडपं काढायची, काठ सपाट करायचा, फरशी बसवायची, चार बाकडी. संध्याकाळी लोक येऊन बसतील. ग्रामपंचायतीचं पत्र आहे." त्यानं कागद पुढं केला.

आक्कानं कागदाकडं बघितलंही नाही. "आणि श्रावणात नदी आली की ती बाकड्यावर बसंल व्हय? ही झुडपं न्हाईत बाबा. ही वाळुंजं हाईत. ह्यांनी माझी जमीन धरलीया. ती काढलीस, तर पुढच्या पुरात माझी मळी मिरजेकडं जाईल. तू आणून देशील पोत्यात भरून?"

मागच्या हिरव्या बनियनींत कुणीतरी खुदकन हसलं. वीरधवलचे कान लाल झाले.

"आजी, आम्ही दोन वर्षं इथं येतोय. सगळ्यात जास्त कचरा याच कोपऱ्यात अडकतो. दर वेळी काढतो, दर वेळी परत. मुळ्यांत हात जात नाहीत. झाडी काढली तरच काठ स्वच्छ राहील."

"कचरा सांगलीतनं येतो. तुमी तिकडं टाकायचा, हिकडं येऊन उचलायचा, आणि मधी पोहे खायाचे. त्यापरीस टाकूच नका की. येण्याजाण्याचं पेट्रोल तरी वाचंल!"

आता सगळेच हसले, गुंडासुद्धा. आक्काला वाटलं, झालं, गाडी फिरली माघारी. पण वीरधवल हसला नाही, चिडलाही नाही. तो बुटांसकट लव्हाळ्यात शिरला, वाकला, आणि मुळ्यांत कोपरापर्यंत हात घालून एकेक वस्तू बाहेर फेकू लागला. पांढरा डबा. पांढरा डबा. निळ्या झाकणाची बाटली. पुन्हा पांढरा डबा. बांधापाशी ढीग लागला.

"आजी, सांगलीत ऊस पिकतो का?"

"हे काय विचारणं झालं?"

"हे तणनाशकाचे डबे आहेत. शहरात कोण वापरतं तणनाशक? आणि हे वरून वाहत आलेले नाहीत. वाहत आले असते तर गाळानं भरले असते. हे वरच्या बांधावरून खाली भिरकावलेत." त्यानं आणखी एक ओढून काढला. "आणि हे बघा, तोंडाला फडकंसुद्धा बांधलेलं आहे."

तो डबा आक्काच्या पायाशी येऊन पडला.

फडकं मळून काळं झालं होतं. जाड, दुपदरी. कडेला लाल दोऱ्याची टीप होती, आणि टीप एका जागी जरा वाकडी होती, कारण त्या दिवशी आक्काचा चष्मा सापडत नव्हता.

वाचता न येणाऱ्या माणसाला जे वाचता येतं ते आक्कानं वाचलं. बादली खाली ठेवली.

"जिनेंद्र!"

जिनेंद्र वरच्या बांधावरच उभा होता. खाली आला. चपला काढल्या.

"हे कुठलं?"

"आई, ते... पाणी गाळून घ्यावं लागतंय फवारणीच्या पंपात. न्हाईतर नोझल तुंबतंय. घरातलं जुनं कापड हुतं, जाड हुतं, डब्याच्या तोंडाला बांधून गाळलं..."

"आणि डबे?"

"डबे कुठं ठेवायचे, आई? घरात ठिवलं तर वास मारतंय. समदीच टाकत्यात."

"पंप कुठं धुतोस?"

जिनेंद्रची नजर नदीकडं गेली. जिथं आक्का रोज सकाळी जिवाणी सोडायची, त्या सपाट दगडाजवळच पंप धुवायला सोयीचं होतं. दगडाच्या आजूबाजूला गवत का उगवत नाही, याचं आक्काला दोन वर्षं नवल वाटत होतं.

"सकाळी मी जीव वाचवून सोडते," आक्का म्हणाली, "आणि दुपारी तू त्याला तिथंच गाठतोस. माझ्याच फडक्यातनं गाळून! तुझ्यापरीस तो पोहे खाणारा बरा. त्यो निदान उचलतो तरी."

वीरधवलला हे कौतुक होतं की शिवी, ते कळलं नाही. त्यानं घसा साफ केला. "आजी, म्हणून म्हणतो, हा कोपरा..."

"आजी म्हणू नगंस. आक्का म्हण." तिनं पदर खोचला. आयुष्यात तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. सोसायटीच्या चेअरमनकडंही नाही, पाटबंधाऱ्याच्या साहेबाकडंही नाही. आता मागायचं होतं, तेही बुटातल्या माणसाकडं. शब्द तोंडात फिरवून फिरवून तिनं बाहेर काढले. "आठ दिस दे मला. पुढच्या रईवारी ये. ह्या कोपऱ्यात एक जरी डबा घावला, तर तूच जेसीबी चालव. मी आडवी येणार न्हाई."

वीरधवलनं गुंडाकडं बघितलं, मग वाळुंजाकडं. "ठीक आहे. आठ दिवस."

त्या आठवड्यात गावानं जे बघितलं ते आधी कधी बघितलं नव्हतं. कस्तुरीआक्का नऊवारीचा काचा मारून लव्हाळ्यात उतरली. सोबत जिनेंद्र, स्वप्नाली, आणि सयाजी. सयाजीला तिनं बोलावलं नव्हतं, पण त्याचेही डबे तिथं होते आणि ते आक्कानं त्याच्या दारात नेऊन ओतले असते, हे तो ओळखून होता. विळ्यानं लव्हाळा कापायचा नाही, हातानं बाजूला सारायचा. मुळी तुटली तर शिवी. डबा राहिला तर दुसरी शिवी. चौथ्या दिवशी स्वप्नालीनं बोटाला चिंधी बांधली, तर आक्का म्हणाली, "बघू, कुठलं कापड हाय?"

सात पोती भरली. जिनेंद्र म्हणाला, "आई, खड्डा काढून पुरूया."

"जमीन तुझ्या सासऱ्यानं दिलीया व्हय पुरायला? जाळू नगं, पुरू नगं. जिथलं तिथं."

शनिवारी तिनं पोती टेम्पोत घातली, जिनेंद्रला सोबत घेतलं आणि सांगलीत नानासोच्या खत-औषधाच्या दुकानापुढं उतरवली. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. नानासो गादीवरून उठला.

"आक्का, हे काय? आमी रिकामं माघारी घेत न्हाई."

"भरलेलं विकताना गोड बोलून विकतोस. माझ्या ह्या बैलाला चहा पाजतोस. रिकामं झालं की ओळख न्हाई व्हय?"

"पण कंपनी..."

"मला कंपनी ठाऊक न्हाई. मला तुझं दुकान ठाऊक हाय. मी रोज सकाळी डोळ्यांना न दिसणारे जीव नदीला परत देऊन येते. ही तर चांगली पोत्याएवढी हाईत. तुला ठेवायची नसतील तर मी हितंच बसते. आज उपासच हाय माझा, जेवायची घाई न्हाई."

आणि ती बसली, दुकानाच्या पायरीवर, पोत्यांच्या मधोमध. गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत जायला धजेनात. दोन-तीन तर परतली. अर्ध्या तासानं नानासोनं पोरं लावून पोती मागच्या गोदामात नेली. कंपनीची गाडी कधी येते ते तो बघून घेणार होता. आक्कानं सातही आत गेल्याची खात्री केली आणि मगच उठली.

रविवारी वीरधवल आला. तास-दीड तास तो लव्हाळ्यात हात घालून हिंडला. खाली पाण्यापर्यंत जाऊन आला. चिखलानं माखून वर आला तेव्हा त्याच्या हातात फक्त एक कुरकुऱ्याचं पाकीट होतं.

"हे सांगलीचं," आक्का म्हणाली. "तुझं तू ने."

त्यानं ते खिशात घातलं. जेसीबी त्यानं बोलावलाच नव्हता. जाताना म्हणाला, "आक्का, तुमचा एक फोटो घेऊ का? मंडळाच्या पानावर टाकतो."

"माझा कशाला? वाळुंजाचा घे. आणि हात लाव बघू त्या फांदीला, ओली हाय ती. खालच्या वळणावर खोच चार. तुझ्या त्या गुलमोहरापरीस टिकतील."

त्यानं खरंच चार फांद्या तोडून नेल्या. चुकीच्या बाजूनं तोडल्या, पण आक्का त्या वेळी काही बोलली नाही. तो गेल्यावर बोलली.

सोमवारी सकाळी आक्का जिवाणी सोडून आली. अंगणात जिनेंद्र पंप पुढ्यात घेऊन बसला होता. आता पाणी वर शेतात न्यायचं होतं, धुवायचंही तिथंच. नदीकडं पंप घेऊन फिरकायचं नाही, हे ठरलं होतं. पण गाळायला कापड लागणार होतं. तो खुंटीवरच्या गाळण्याकडं बघत होता, मग आईकडं.

"आई, एखादं जुनं जाडसर फडकं..."

आक्कानं बादली पालथी घातली.

"अंगातला शर्ट काढ," ती म्हणाली. "त्यातनं गाळ. आणि संध्याकाळी तोच घालून जेवायला बस."