पट्ट्यांची जागा

फिजिओमामाला गल्लीत मान होता. विजेच्या पट्ट्या लावून त्याने भल्याभल्यांना चालतं केलं होतं. पण सख्ख्या भाचीला पट्ट्या लावायची वेळ आली आणि साहेबांची पाचावर धारण बसली.

भाचीला सगळे टिटवी म्हणत. पाय लांब आणि तोंड सदा चालू. बास्केटबॉल खेळायची. उडी मारून खाली आली की तिचा उजवा गुडघा आत झुकायचा; असाच झुकत राहिला तर एक दिवस आतलं लिगामेंट तुटणार, हे मामानेच ओळखलं होतं. दोष गुडघ्याचा नव्हताच. खुब्याच्या बाजूचा स्नायू ढिला होता, वेळेवर आवळत नव्हता. तिथे पट्ट्या लावायच्या, करंट सोडायचा आणि त्याच क्षणी तिने स्वतःही पाय बाजूला उचलायचा, म्हणजे अंगाला सवय लागते. हे सगळं मामाला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

पण तिथे म्हणजे चड्डी थोडी खाली सरकवून, कुल्ल्याच्या वरच्या बाजूला. परक्या पेशंटला तो हे बोलता बोलता सांगायचा. ही मात्र त्याने अंगाखांद्यावर खेळवलेली पोर, आता उंचीने त्याच्या बरोबरीची झालेली. त्याची जीभच रेटेना. मग त्याने मनाची समजूत घातली, मांडी बळकट झाली की गुडघाही सावरेल! आणि पट्ट्या मांडीवर लावून मोकळा झाला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

टिटवी बिचारी नेमाने यायची, दात-ओठ खाऊन करंट सोसायची.

संघ निवडायच्या दिवशी बास्केटबॉलच्या सरांनी तिला बाकावरून उडी मारायला लावली. गुडघा पहिल्यासारखाच आत गेला.

"घरचा फिजिओ, घरचं मशीन, तरी हे?" सर सगळ्यांसमोर कडाडले. "व्यायाम करतेस की नुसती लोळत पडतेस? कामचुकार मुली मला संघात नकोत."

"सॉरी सर, मीच कमी पडले," टिटवी म्हणाली.

मामा मैदानाच्या दारातच उभा होता. एक वाक्य बोलला असता तर पोरीची अब्रू वाचली असती. पण त्याची दातखीळ बसली. मोठा मान असलेला माणूस तो, चारचौघांत कसा बोलणार!

दवाखान्यात आल्या आल्या टिटवी कॉटवर बसली आणि तिने आपल्या हाताने मांडीवर पट्ट्या चिकटवल्या. कातडीवर जुन्या पट्ट्यांचे लाल चौकोन उठले होते.

"मामा, आज करंट वाढव. मी रडले तरी बंद करू नकोस."

मामाला ते बघवेना. "काढ त्या," तो म्हणाला.

"का?"

"जागा चुकीची आहे. पहिल्यापासून. खुब्यावर लावायच्या होत्या. तुला सांगायची मला लाज वाटली."

टिटवीने एकेक पट्टी सोलून काढली.

"बोटाने दाखवलं असतंस तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मीच लावल्या असत्या, पडद्यामागे जाऊन."

एवढं साधं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मामाला झालं.

"आणि सर बोलत होते तेव्हा?"

त्याने पँटवरूनच स्वतःच्या खुब्यावर बोट ठेवून जागा दाखवली. ती मशीन आणि पट्ट्या घेऊन पडद्याआड गेली, तिने करंट सोडला, पाय उचलला.

"बाजूने आवळल्यासारखं वाटतंय का?" त्याने विचारलं.

"वाटतंय." आवाज रडका होता. "आता सरांना फोन कर. बाहेर जाऊन नाही. इथेच."

मामाने फोन लावला. पलीकडून सरांचा आवाज आला.

"सर, मी तिचा मामा," तो पुटपुटला, "चूक तिची नव्हती..."

"मोठ्याने," पडद्यामागून टिटवी म्हणाली.