टाकीतलं शिळं पाणी

कुलदीपला 'का' या शब्दाची ॲलर्जी झाली होती. निघोज्यातल्या एका छोट्या कारखान्यात तो क्वालिटीला होता. तिथं शाफ्ट, म्हणजे यंत्रातले लोखंडी दांडे, भट्टीत लाल करून टाकीत बुडवायचे, की ते कडक व्हायचे. हल्ली दहातले तीन तडकत होते. हे शाफ्ट घेणाऱ्या कंपनीच्या तनुजा मॅडमनी फॉर्म पाठवला होता : पाच वेळा 'का' विचारा, मुळाशी जा. शुक्रवारी दुपारपर्यंत मूळ सापडलं नाही तर काम दुसरीकडं जाणार आणि कुलदीप घरी, असं मालकांनी चहा पाजून सांगितलं होतं.

तिसऱ्या 'का'पाशी त्याची गाडी रुतली. लोखंड तपासलं, भट्टी तपासली, ऑपरेटर अजिमला दोनदा समज दिली. दुसऱ्यांदा अजिम म्हणाला, "भाऊ, मला समजलंय. आता शाफ्टला सांगा."

सोमवारी एकही तडकायचा नाही. मंगळवारपासून रांग लागायची. मालकांनी मंगळवारचा उपवास धरला, शाफ्टवर परिणाम झाला नाही.

टाकीत नुसतं पाणी नसायचं, पॉलिमर मिसळलेलं असायचं. त्यानं शाफ्ट दमानं गार होतो. नुसत्या पाण्यात वरचं कातडं झटक्यात कडक होतं, आतलं मागाहून फुगतं आणि कातडं फाटतं. हे सगळं कुलदीपला पाठ होतं. दर सोमवारी तो डबाभर पॉलिमर ओतून मिश्रण मोजायचा. बाकीचे दिवस सोमवारचाच आकडा उतरवायचा. पुढच्या सोमवारी पॉलिमर गायब असायचं. तापलेले शाफ्ट ते पीत असावेत, अशी त्याची समजूत होती.

गुरुवारी तो वैतागून सकाळी साडेसहालाच आला. झाडलोटीला हल्लीच लागलेल्या कौशल्याबाई टाकीचा नळ सोडून निवांत बसल्या होत्या. पाइप गेटजवळच्या झेंडूत गेला होता. झेंडू केव्हाच मेला होता.

"मावशी! हे काय करताय?"

"शिळं पाणी काढतेय. मग ताजं भरते. रोजच. रातचं पाणी सकाळी ठिवत्यात व्हय कुठं?"

कुलदीपनं धावत जाऊन नळ बंद केला. "अहो, तापलेली वस्तू नुसत्या गार पाण्यात घातली की..."

"तडकती. तापल्या खापरीचं बी तसंच हाय. येवढं शिकायला तुमाला कालेजात घातलं?"

"मग टाकी का ओतता?"

"यात तापलेलं घालत्यात, हे मला कुणी सांगितलं? मी येते तवा भट्टी बंद असती."

कुलदीपनं हात जोडले. "मावशी, हे शिळं नाही. मुरवलेलं आहे. लोणच्यासारखं."

बाईंचा चेहराच पडला. "अगं बाई! मग मी रोज बरणी धुतेय व्हय!"

कुलदीपनं टाकी नव्यानं भरली. शुक्रवारी दुपारपर्यंत एकही शाफ्ट तडकला नाही. पाचव्या 'का'पुढं त्यानं मन घट्ट करून खरं ते लिहिलं : मी रोज मोजलं नाही म्हणून.

तपासणीला आलेल्या तनुजा मॅडमनी ते वाचलं, काम इथंच राहील म्हणाल्या आणि मिश्रणाचा थेंबभर नमुना घ्यायला टाकीकडं निघाल्या. टाकीला पांढरं फडकं बांधलं होतं. समोर कौशल्याबाई सकाळपासून पहारा देत उभ्या होत्या.

"चमचा कोरडा हाय का?"

"मावशी, त्या ऑडिटर आहेत!"

"असू द्या. लोणच्यात उठसूट कुणी हात घालायचा न्हाई. बुरशी येती."

मॅडमनी कुलदीपकडं पाहिलं. कुलदीपनं भट्टीकडं पाहिलं. ती बंद होती, नाहीतर त्यानं आत उडी मारायचा विचार केला असता. मॅडमनी शांतपणे बॅगेतून कोरा फॉर्म काढला आणि वर लिहिलं : नमुना मिळाला नाही.

खाली पाच 'का' होते.